राणीच्या हातावर पाणी कोण ओततं?

ऐतिहासिक कादंबरीत राणी आणि तिची सखी आल्या की दोघी खिडकीशी बसून मन मोकळं करतात आणि पानंच्या पानं सरतात. एवढी मोकळीक लागतच नाही. कपडा कोण देतं, किल्ली कोणाकडे आहे, एवढं नीट लिहिलं तरी मैत्री कळते. इंग्लंडची राणी अ‍ॅन आणि सारा चर्चिल हे त्याचं मला सगळ्यात भरभक्कम वाटणारं उदाहरण.

सारा पाच वर्षांनी मोठी. १६८३ मध्ये अ‍ॅनचं लग्न झालं आणि सारा तिच्या शयनमहालाची मानकरीण झाली. पत्रांत अ‍ॅन ‘मिसेस मॉर्ली’ आणि सारा ‘मिसेस फ्रीमन’, म्हणजे हुद्दे बाजूला. मराठीत लिहिणारा इथे अडतो. इंग्रजीत एका सर्वनामावर भागतं, आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतलं एक निवडावंच लागतं. पत्रांत दोघींना ‘तू’ द्यावं, चारचौघांत साराच्या तोंडी ‘आपण’. बिनसायला लागलं की साराचं खासगीतलं ‘तू’ तसंच ठेवून अ‍ॅनला हळूच ‘तुम्ही’वर आणावं. त्याचं स्पष्टीकरण मात्र देऊ नये, वाचकाला ते बरोबर टोचतं.

१७०२ मध्ये अ‍ॅन गादीवर आली तेव्हा जामदारखाना (राणीचे कपडे-दागिने), खासगी (तिच्या स्वतःच्या खर्चाचा पैसा) आणि शयनमहालाची सोन्याची किल्ली असं सगळं साराकडे गेलं. (होळकरांच्या कारभारातला ‘खासगी’ हा शब्द इथे चपखल बसतो.) शयनमहालात दोन पायऱ्या होत्या. वर उमराव घरातल्या ‘लेडी’, खाली ‘वुमन’. या दोघींना सरसकट ‘दासी’ म्हटलं की गोष्ट तिथेच बिघडते.

सकाळचा प्रसंग बघा. मागच्या जिन्यावरचा हुजऱ्या तस्त आणि झारी बाजूच्या मेजावर ठेवतो. वुमन ते राणीपुढे मांडते, मेजापलीकडे गुडघे टेकते आणि राणीच्या हातांवर पाणी ओतते. लेडी नुसती बघत उभी असते. आतला झगा बदलायचा तर वुमन तो लेडीच्या हाती देते आणि लेडी राणीला घालते. राणीला स्वतःला जमत नसेल तर हातमोजे वुमन चढवते, आणि अ‍ॅनला संधिवाताचा त्रास होता. चॉकलेटही वुमनच आणते, ते देताना मात्र गुडघे टेकायचे नाहीत.

ही वुमन म्हणजे अ‍ॅबिगेल हिल, साराचीच गरीब नातलग, तिनंच दरबारात लावून दिलेली. बहुतेक लेखक तिला कानात कुजबुजणारी कारस्थानी करतात. त्याची गरज नाही. सारा दीर्घकाळ दरबारापासून दूर राहायची आणि दुखऱ्या हातांपाशी अ‍ॅबिगेल असायची. १७०७ मध्ये अ‍ॅबिगेलनं गुपचूप लग्न केलं. राणी तिथे हजर होती आणि साराला पत्ताही नव्हता. त्याच सुमारास राणीनं खासगीतून २,००० पौंड मागून घेतले होते, ते साराला नंतर आठवलं. माझ्या मते सगळ्यात जिवंत प्रकरण या आकड्यावर उभं राहतं.

पुढच्या वर्षी औडेनार्डच्या लढाईतल्या विजयाची प्रार्थना होती. सारानं काढून ठेवलेले दागिने राणीनं घातलेच नाहीत. लंडनच्या सेंट पॉल चर्चच्या दारात सारानं तिला गप्प बसायला सांगितलं. ६ एप्रिल १७१० ला केन्सिंग्टनमध्ये शेवटची भेट झाली. तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही, असं सारानं आधी कळवलं होतं, आणि राणी तेच धरून बसली: उत्तर नको होतं ना, मग मिळणारही नाही. इथे नवे संवाद घालू नयेत. पुन्हा पुन्हा तेच वाक्य येऊ द्यावं.

तारखा सांभाळा. इंग्लंडची दिनदर्शिका तेव्हा बहुतेक युरोपच्या ११ दिवस मागे होती, शिवाय सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे जानेवारी १७११ कागदावर १७१० दिसतो आणि त्या महिन्यात साराकडून राणीकडे परत गेलेली सोन्याची किल्ली शेवटच्या भेटीआधीच गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती नऊ महिन्यांनी गेली, आणि नेऊन दिली साराच्या नवऱ्यानं, मार्लबरोनं.