कालनिर्णयवरचा 'आ'

जून 2024 मधला शुक्रवार. मी कॅनडात, टोरंटोजवळच्या मिसिसागाला इमिग्रेशन कन्सल्टंट म्हणून काम करते. त्या महिन्यात आमच्याकडे आईवडिलांच्या स्पॉन्सरशिपशिवाय, म्हणजे त्यांना कायमचं इकडे बोलावण्याशिवाय, दुसरा विषय नव्हता. 2020 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ज्यांनी नाव नोंदवून ठेवलं होतं, त्यांच्यातूनच सोडत काढून मेच्या शेवटी निमंत्रणं निघाली होती. चार वर्षं वाट पाहिलेली माणसं, आणि आता कागद जमवायला हातात जेमतेम दोन महिने.

सकाळी आठला मूळचे कराडचे एक गृहस्थ आले. फाइल अगदी नीट लावलेली. आईवडिलांचे पासपोर्ट, तीन वर्षांचे टॅक्सचे कागद, सगळं जागच्या जागी. भावंडांच्या रकान्यात थोरल्या बहिणीचं नाव होतं, जन्म 1982. पण आईवडिलांवर अवलंबून असलेली मुलं किती, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'नाही'.

"ताई कुठे असतात?" मी विचारलं.

"आईबाबांजवळच. तिला लहानपणापासून समज कमी. आकडीही येते. ती कुठे जाणार?"

"मग इथे 'नाही' का लिहिलंत?"

न्यू जर्सीतल्या मावसभावाने तसं सांगितलं होतं. आधी आईवडिलांना आण, बहिणीचं नंतर बघू. तोवर ती मावशीकडे राहील. मावसभावाचं त्याच्या देशापुरतं बरोबर होतं. अमेरिकेत नागरिक मुलाला आईवडिलांना रांगेशिवाय बोलावता येतं, पण त्यांच्या अर्जात दुसरं अपत्य घालता येत नाही. भावंडांची रांग वेगळी, भारतीयांसाठी ती पंधरा वर्षांहून लांब, आणि भावंड अपंग आहे म्हणून ती तसूभरही पुढे सरकत नाही. तिथे 'नंतर बघू' याला पर्यायच नसतो. कॅनडात मात्र हाच सल्ला घात करतो. इथे बावीस वर्षांवरचं अपत्यसुद्धा अवलंबित धरतात. अट अशी, की ते बावीस पूर्ण व्हायच्या आधीपासून आईवडिलांच्याच पैशावर जगत असलं पाहिजे आणि शारीरिक किंवा मानसिक कारणाने स्वतः कमावू शकत नसलं पाहिजे. म्हणजे ताई आईवडिलांच्याच अर्जात येऊ शकत होत्या. उलट अर्जात त्यांना दाखवलं नसतं, त्यांची मेडिकल झाली नसती, तर आईवडिलांनी पुढे त्यांना फॅमिली क्लासमधून, म्हणजे कुटुंबीय म्हणून, बोलावण्याची वाट कायद्यानेच बंद झाली असती. आणि भाऊ म्हणून स्पॉन्सर करायची सोय इथे अशा घरांसाठी नाहीच.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, तिला घातलं आणि मेडिकलमध्ये अडलं, तर आईबाबांचंही जाईल ना?"

भीती खरी होती. घरातल्या एकाला नकार मिळाला की सगळ्यांचाच अर्ज अडकतो. नवरा-बायको आणि स्पॉन्सरची स्वतःची मुलं यांना, इलाजाचा सरकारवर पडणारा खर्च ठरावीक मर्यादेत बसला पाहिजे, या अटीतून सूट आहे, आईवडिलांना आणि त्यांच्यासोबतच्या अपत्यांना नाही. मला हा फरक आजही पटत नाही. पण 2018 पासून नियम पुष्कळ सैल झालाय. खर्चाची मर्यादा तिप्पट केली. 2024 साली ती वर्षाला 26,220 डॉलर होती. विशेष शिक्षण, मदतनीस, पुनर्वसन असल्या सेवा हिशेबातूनच काढल्या. ताईंचा हिशेब मी त्यांच्यासमोरच मांडला: आकडीच्या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या, वर्षातून एक-दोनदा डॉक्टर. मर्यादेच्या आसपासही जात नव्हता. वीस वर्षं खर्च उचलण्याची जबाबदारी ताईंसाठीही लिहून द्यावी लागेल, कुटुंबात एक माणूस वाढल्यामुळे उत्पन्नाची अटही वर जाईल, हेही सांगितलं. उत्पन्न बसत होतं. जबाबदारीबद्दल ते एवढंच म्हणाले, "ती तर आहेच."

खरी अडचण निघाली पुराव्याची. ताई 2004 मध्ये बावीस वर्षांच्या झाल्या. जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं 2013 चं. त्याआधीचा एकही कागद नाही. शाळा दुसरीत सुटली, गावचे डॉक्टर कधीच वारले.

कराडला व्हिडिओ कॉल लावला. तिथे संध्याकाळचे सहा वाजत आले होते. काका निवृत्त प्राथमिक शिक्षक, पेन्शनचं पुस्तक हातात घेऊनच बसलेले. काकूंच्या मागे ताई लसूण सोलत होत्या, एकेक पाकळी वाटीत टाकून मोजत होत्या. चारपर्यंत गेल्या की पुन्हा एकपासून.

"काकू, प्रमाणपत्र इतक्या उशिरा का काढलं?"

"कुणाला दाखवायचं होतं?" काकू म्हणाल्या. "आमचीच पोर, आम्हीच करत होतो."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं त्या घराने कुणापुढे हात पसरला नाही, म्हणून आज दाखवायला कागद नाही. मी हे बऱ्याच घरांत बघते. जे घर सगळं स्वतः निभावतं, त्याचीच फाइल सगळ्यात पातळ असते.

"आकडी कधी आली, गोळ्या कधी बदलल्या, असं काही लिहून ठेवलंय का कुठे?"

"लिहून कुठलं... कालनिर्णयवर खूण करते, तेवढंच."

"जुनी आहेत?"

काकांनी माळ्यावरून गठ्ठा काढला. सुतळीने बांधलेला, धुळीने पिवळा पडलेला. 1991 पासूनची कालनिर्णयं होती. मधली दोन पावसात गेली होती. काकूंनी 1999 चा जुलै कॅमेऱ्यापुढे धरला. दुधाचा हिशेब, एकादशीला गोल, आणि तीन चौकोनांत निळ्या शाईने 'आ'. आकडीचा आ. एका 'आ'खाली 'रात्री 2, पडली, हनुवटी'. एकवीस तारखेला 'मिरज, 340 रु., गोळी अर्धी वाढवली'. महिन्यामागून महिना पानं उलटत होती आणि प्रत्येक पानावर ते अक्षर होतं. काही महिन्यांत एक, काहींत सात.

इकडे माझ्यासमोर त्यांचा मुलगा तोंडावर रुमाल धरून बसला होता. तो त्या वर्षी दहावीला होता. "मला वाटायचं, आई दुधाचं लिहिते," तो म्हणाला.

'मिरज' लिहिलेल्या तारखा मी भराभर उतरवून घेतल्या. नुसत्या घरच्या खुणांवर अर्ज उभा राहत नाही, दवाखान्याचा कागद लागतो. पण तारीख असली की विचारता येतं. विचारायचीही गरज पडली नाही. नोव्हेंबर 2001 च्या पानाला टाचणीने एक केसपेपर लावलेला निघाला. वय 19, बौद्धिक वाढ कमी, बालपणापासून आकडी, आणि खाली डॉक्टरांचा सही-शिक्का. काकू ओशाळून म्हणाल्या, "हरवेल म्हणून तिथंच टोचलावता."

तोच आमचा मुख्य कागद झाला. भाषांतर मुलगा स्वतः करतो म्हणाला. घरच्या माणसाचं चालत नाही, ते अधिकृत भाषांतरकाराकडे द्यावं लागलं. कालनिर्णयची तेरा पानं स्कॅन करून मागवली, 'आ' म्हणजे काय याचं काकूंचं प्रतिज्ञापत्र जोडलं. कमाई नसल्याबद्दल काकांचं वेगळं. आणि अवलंबित मुलांच्या रकान्यातलं 'नाही' खोडून मी ताईंचं नाव टाइप केलं.

फोन ठेवण्याआधी काकूंनी विचारलं, "मॅडम, यंदाचंही पाठवू का? भिंतीवरून काढते."

"नको काकू," मी म्हटलं, "ते राहू दे. तुम्हाला लागेल."