शरीररचना परिषदेतलं माझं पहिलं पोस्टर

शरीररचना आणि पेशीजीवशास्त्राच्या परिषदेत पोस्टर मांडायचं ठरलं आणि पहिला घाम गोषवाऱ्याने काढला. विषय होता उंदराच्या लहान मेंदूतल्या (सेरेबेलममधल्या) पर्किंजे पेशी, म्हणजे भरपूर शाखा असलेल्या मोठ्या चेतापेशी: वय वाढतं तसा त्यांच्या शाखांचा पसारा कसा बदलतो. ‘निष्कर्षांची चर्चा परिषदेत केली जाईल’ हे वाक्य गोषवाऱ्यात दिसता कामा नये, असं गाईड मॅडमनी बजावलं होतं. हाती काय लागलं ते तिथेच लिहायचं. गोषवारा स्वीकारल्याची मेल आली, नोंदणी झाली, ते सगळं सरळ पार पडलं.

पोस्टरचा आकार ए-शून्य, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. एवढी जागा दिसली की मजकूर भरायचा मोह होतो. मी उलट केलं, कॅल्बिंडिन या त्यांच्यातल्या प्रथिनावरून रंगवलेल्या पेशींचं चित्र मधोमध मोठं घेतलं. लाल-हिरवी जोडी काहींना वेगळी ओळखता येत नाही, म्हणून मॅजेंटा आणि हिरवा वापरला. चित्रावर मापनपट्टी टाकली. ‘४०एक्स’ असं सूक्ष्मदर्शकाचं वर्धन लिहून पोस्टरवर काहीच कळत नाही, कारण छापताना चित्र मोठं होतं; पट्टी मात्र चित्राबरोबरच वाढते.

मूळ प्रतिमा लॅपटॉपवर नेल्या, त्यामागे चेतापेशींचा स्पॅनिश अभ्यासक काहाल होता. १८८९ साली तो आपल्या स्लाइड घेऊन बर्लिनला जर्मन शरीररचना सोसायटीच्या अधिवेशनाला गेला. स्पॅनिशमधले त्याचे लेख फारसे कुणी वाचत नव्हते. तिथे त्याने सूक्ष्मदर्शक मांडला आणि बुजुर्ग शरीररचनाशास्त्रज्ञ क्योलिकरला थेट पातळ कापलेले छेदच दाखवले. क्योलिकरला पटलं. रंगवायची पद्धत इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जीची होती, आणि १९०६ चं नोबेल त्या दोघांना मिळून मिळालं. आमच्या शास्त्रात शब्दांपेक्षा ऊतक (टिश्यू) आधी दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

पोस्टरच्या सत्रात एक ज्येष्ठ प्राध्यापक आलेख सोडून थेट चित्राशी वाकले. “छेद कोणत्या प्रतलात घेतलात?”

“सॅजिटल, सर.”

सॅजिटल म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी करणारा उभा छेद. हा प्रश्न कळीचा आहे. पर्किंजे पेशीच्या शाखा एकाच प्रतलात पसरतात. हातपंखा समोरून पसरट दिसतो, कडेने नुसती काडी, तसंच हे. छेद आडवा गेला तर धडधाकट पेशीही झडलेली वाटेल. मग त्यांनी विचारलं, “एन म्हणजे पेशी की उंदीर?” एन म्हणजे नमुन्यांची संख्या. उंदीर, असं मी आलेखावर बोट ठेवून दाखवलं: एक ठिपका, एक प्राणी. एकाच उंदराच्या शंभर पेशी मोजल्या म्हणून शंभर उंदीर होत नाहीत.

लॅपटॉपवर छेदाचे थर एकेक खाली सरकवत ते बराच वेळ पाहत राहिले. “म्हाताऱ्या आणि तरुण ऊतकाचं आकुंचन सारखंच झालं असेल कशावरून? स्लाइड तयार झाल्यावर जाडी मोजलीत का?” तोवर आम्ही एकाच दिवशी, एकाच द्रावणात प्रक्रिया करण्यावर भर दिला होता. दोन्ही ऊतकं त्याच द्रावणात वेगवेगळी आकसू शकतात, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. तो मी तिथेच वहीत टिपला.

आता दोन्ही गटांच्या जुन्या स्लाइड काढून जाडी मोजायचं काम चालू आहे. शाखांची लांबी त्या हिशोबाने तपासून झाल्याशिवाय शोधनिबंध पाठवायचा नाही, असं मॅडमचं आणि माझं ठरलंय.