गोवाफेस्टला जाऊन आलो

मे महिन्यात गोव्याला निघालोय म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न आला, "ऑफिसच्या पैशाने?" हो, ऑफिसच्याच. गोवाफेस्ट ही जाहिरात आणि मार्केटिंगवाल्यांची वार्षिक जत्रा. ती २००६ पासून भरते; ॲडव्हर्टायझिंग क्लब आणि जाहिरात एजन्सींची संघटना मिळून ती भरवतात. मी गेलो ते २०२३ चं, २४ ते २६ मे, बांबोळीच्या ग्रँड हयातमध्ये.

बाकी मंडळी विमानाने गेली, मी मांडवी एक्स्प्रेस धरली. कोकण दिवसाउजेडी बघायचं आणि येता-जाता गरमागरम कटलेट खायचं, तर हीच गाडी. करमळीला उतरलो आणि टॅक्सीचं भाडं ऐकून रेल्वेचं तिकीट फुकटात पडल्यासारखं वाटलं.

बाहेर घामाच्या धारा, आत एसी असा की लोक जॅकेट घालून बसलेले. समोरचा माणूस आधी गळ्यातलं कार्ड वाचतो, मग चेहरा बघतो. एजन्सीचं नाव ओळखीचं नसलं की बोलता बोलता त्याची नजर पुढच्या कार्डावर! भाषणं ठीकठाक. एआय एके एआय.

संध्याकाळी ॲबी, म्हणजे चांगल्या जाहिरातींना मिळणारे पुरस्कार. इथे जाहिरातीपेक्षा जाहिरातीची गोष्ट सांगणारी दोन मिनिटांची फिल्मच भाव खाते. हळवं संगीत, गावातली मुलगी, मग काळ्या पडद्यावर मोठमोठे आकडे. यातली किती कामं खरोखर लोकांपर्यंत पोचली, हा प्रश्न मला पडतोच. (२०१३ मध्ये याच गोवाफेस्टमध्ये मिळालेली बक्षिसं परत करायची वेळ आली होती, ती आठवण जुने लोक अजून काढतात.)

खरं शिकायला मिळालं ते चहाच्या टेबलापाशी. कोल्हापूरकडचा एक कॉपीरायटर भेटला, रेडिओचे स्पॉट, म्हणजे छोट्या जाहिराती, लिहिणारा. दहा सेकंदांत मराठीचे जेमतेम वीस-बावीस शब्द बसतात, आणि क्लायंटला फोन नंबर हवा, तोही दोनदा. मग विनोद करायचा कुठे? मी विचारलं. तो म्हणाला, "नंबरातच करायचा. नवरा चुकीचा नंबर सांगतो, बायको ओरडून बरोबर सांगते. क्लायंट म्हणतो आणखी एकदा घ्या, तर मग सासूबाई आहेतच की!"

हा स्पॉट ॲबीला का नाही पाठवला म्हणून विचारलं, तर म्हणाला, "प्रवेश फी ऐकून मालक म्हणाले, तेवढ्यात आणखी चार दिवस स्पॉट वाजवू."