ह्यांची सही आणि आमची जॉइंट खाती

खात्यात पैसे असूनही घरपट्टीचा चेक परत आला. शेऱ्यात लिहिलं होतं, सही जुळत नाही. ह्यांचं वय 79, मला 68 वं चालू आहे. ह्यांच्या हाताला कंप आहे आणि गेल्या दोनेक वर्षांत तो वाढलाय. सहीच्या शेवटी एक सरळ रेघ खाली ओढायची ह्यांची सवय. ती रेघ आता नागमोडी येते.

मुलगा म्हणाला, "आई, सगळं मोबाईलवर घे, बाबांना कशाला त्रास?" काळजीपोटीच म्हणाला तो. पण हे निवृत्त मास्तर. पेन्शन जमा झाली की पासबुक भरून आणायचं, लाल पुठ्ठ्याच्या वहीशी ताळा करायचा आणि मगच त्या महिन्याचा किराणा, औषधं, दूधवाला. ह्यांना बटणांचा फोन येतो, त्यापुढे नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. म्हणून हिशेब काढून घ्यायचा? मला ते पटलं नाही. व्यवहार ह्यांच्याच हातात राहील आणि जिथे हात पोचत नाही तिथे मी असेन, असं मी ठरवलं.

पहिलं काम सहीचं. पेन्शनरांची गर्दी ओसरल्यावर, महिन्याच्या मध्यावर शाखेत गेलो. आधार, पॅन, पासबुक मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही नेल्या. नमुना सही बदलण्याचा अर्ज भरला. काउंटरशी उभं राहून ह्यांनी सही केली ती पार विस्कटली. तिथल्या अधिकारी बाई उठून आल्या, "काका, खुर्चीत बसा, कोपर टेबलावर टेकवा आणि सावकाश करा." तशी केल्यावर सही पुष्कळ स्थिर आली. आता घरीही चेक लिहायचा तो जेवणाच्या टेबलावर, खाली जाड वही आणि कोपर टेकलेलं. तेव्हापासून चेक परत आलेला नाही.

त्याच बाईंनी आणखी एक सांगितलं. उद्या सही अजिबात जमेना झाली तरी खातं अडत नाही. अंगठा चालतो. तो बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर घ्यावा लागतो आणि त्यातला एक बँकेचाच अधिकारी असतो. ह्यांचा चेहरा उतरला. मला मात्र धीर आला.

मग मी सगळ्या पावत्या आणि पासबुकं पलंगावर मांडून बसले. बचत खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' होतं, म्हणजे कुणाही एकाच्या सहीने चालणारं. ठेवींवरही तेच लिहिलेलं, त्यामुळे आम्ही निश्चिंत होतो. खरी मेख तिथेच निघाली. अशी ठेव मुदत संपल्यावर एकाच्या सहीने मिळते. मुदतीआधी मोडायची झाली तर बँक दोघांच्या सह्या मागू शकते. आणि दोघांपैकी एक गेला तर मागे राहिलेल्याला ती मुदतीआधी मोडताना वारसांच्या संमतीची अडचण येऊ शकते. ऐन दवाखान्याच्या वेळी हे समोर आलं असतं तर काय केलं असतं? उपाय साधा आहे. मुदतीआधीही कुणा एकाला किंवा मागे राहिलेल्याला रक्कम द्यावी, असं पत्र दोघांच्या सहीने आधीच देता येतं. आम्ही प्रत्येक ठेवीसाठी ते दिलं आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. नवरा-बायकोच्या नावावर ठेव असलेल्या प्रत्येक घराने हे तपासावंच, असं मी भेटेल त्याला सांगते.

पावत्या बघताना आणखी एक लक्षात आलं. व्याजावरचा कर पहिलं नाव ज्याचं त्याच्या पॅनवर कापला जातो. म्हणजे कर कापू नये म्हणून एप्रिलमध्ये द्यायचा फॉर्म ह्यांच्याच सहीने जायला हवा, माझा देऊन उपयोग नाही. तो आता पासबुकातच घडी घालून ठेवते.

एटीएम कार्डाबद्दल आमचं थोडं वाजलं. हे पिन विसरायचे आणि मग मशीनपाशी उभ्या असलेल्या कुणाही मुलाला विचारायचे. माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. शेवटी ह्यांनी स्वतःच कार्ड परत केलं. रोख लागली तर सेल्फचा चेक, किंवा माझ्या कार्डावर मी काढते. रिझर्व्ह बँकेने 2017 साली बँकांना सांगून ठेवलंय की ज्येष्ठांना बचत खात्यावर वर्षाला किमान 25 चेक मोफत द्यायचे. आम्हाला तेवढे पुरतात. त्याच सूचनेत सत्तरीच्या पुढच्यांना घरपोच बँकसेवा द्यायलाही सांगितलं आहे. एका शाखेत मला "असं काही नसतं" हे उत्तर मिळालं. मी लेखी अर्ज दिला, तेव्हा नावनोंदणी झाली.

मोबाईलचा भाग मी अगदी थोडा ठेवला. माझ्या फोनवर फक्त खातं बघण्याची सोय घेतली, पैसे पाठवण्याची नाही. एसएमएस मात्र ह्यांच्याच नंबरवर येतात. भिंग घेऊन हे ते वाचतात आणि वहीत उतरवतात. फोनबद्दल घरात एकच नियम केलाय. बँकेतून बोलतोय असं कुणी म्हणालं की "शाखेत येतो" एवढं बोलून फोन ठेवायचा. मध्यंतरी एकाने केवायसी संपली, आज खातं बंद होईल, ओटीपी सांगा म्हणून घाई केली. ह्यांनी वर्गात बोलायचे त्या आवाजात सांगितलं, "शाखेत येतो," आणि ठेवला. फसवणूक झालीच तर लगेच लावायचा 1930 हा नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरांत चिकटवलाय.

आता राहिलंय ते वारसनोंदीचं, म्हणजे नॉमिनीचं. 1 नोव्हेंबर 2025 पासून खात्याला चार जणांपर्यंत नावं लावता येतात. आमच्या जुन्या खात्यांवर एकच नाव आहे, तेही ह्यांच्या दिवंगत भावाचं. मुलगा आणि मुलगी दोघांचीही नावं घालायची, यावर आमचं एकमत आहे. हिस्से किती टक्के ठेवायचे यावर हे अजून विचार करतायत आणि मी घाई करत नाहीये. फॉर्म आणून ठेवलेत.