पेशी भरपूर, एन्झाइम गायब: महापेतल्या लॅबमधले माझे चार महिने

एमएस्सीनंतर महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत प्रोजेक्टवर लागले. काम ऐकायला सोपं होतं: ई. कोलाय हा जिवाणू वाढवायचा आणि त्यातलं पेनिसिलिन अ‍ॅसायलेज मिळवायचं. हे एन्झाइम पेनिसिलिन जीची बाजूची साखळी कापतं आणि ६-एपीए हा पेनिसिलिनचा गाभा उरतो. अ‍ॅम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्यातूनच बनवतात. पूर्वी हीच कापाकापी रसायनं वापरून उणे ४० अंशांच्या थंडीत करत. जिवाणूचं एन्झाइम ती पाण्यात, कोमट तापमानाला करतं. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

पहिली बॅच कॉलेजात शिकले तशी लावली. ३७ अंश, भरपूर ग्लुकोज. सकाळी फ्लास्क ताकासारखा गढूळ! ओडी, म्हणजे गढूळपणाचा आकडा, घेऊन मॅडमकडे धावले.

"वाढ दिसली गं. पिवळा रंग किती आला ते सांग."

नायपॅब नावाचा पदार्थ घातला की एन्झाइम तो तोडतं आणि पिवळा रंग येतो. तो ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजायचा. माझा क्युव्हेट, म्हणजे मोजमापाची छोटी पारदर्शक नळी, पाण्यासारखा स्वच्छ होता.

मग मॅडमनी बसवून समजावलं. ग्लुकोज मिळतंय तोवर पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी राहतो आणि या एन्झाइमचा जीन जवळजवळ बंदच असतो. तो चालू व्हायला फेनिलअ‍ॅसेटिक आम्ल लागतं, तेही बेतानं, कारण जास्त झालं तर वाढच खुंटते. शिवाय हे एन्झाइम आधी एका लांब साखळीच्या रूपात तयार होतं, मग ती कापली जाऊन दोन तुकडे होतात, तेव्हा कुठे ते काम करतं. ३७ अंशांना पेशी जोमात वाढतात, एन्झाइम मात्र हाती लागत नाही. त्याला २४ ते २८ अंश मानवतात.

ग्लुकोज काढलं, आम्ल घातलं, शेकर, म्हणजे फ्लास्क ठरावीक तापमानाला हलवत ठेवणारं यंत्र, २६ वर लावला. त्या आम्लाचा वास शिळ्या मधासारखा, ओढणीला चिकटून बसणारा. कोपरखैरणेहून ठाण्याची लोकल पकडली की शेजारच्या बाईपासून जरा सरकूनच बसायचे.

एप्रिलपर्यंत रंग बरा येत होता. मे लागला आणि सगळं बिनसलं. तीच कृती, तेच मीडियम, पण एक बॅच पिवळी तर दुसरी फिकी. मी इनोक्युलम (सुरुवातीला घालायचे जिवाणू) बदललं, आम्लाची नवी बाटली उघडली, पीएच पुन्हा पुन्हा तपासला. तीन आठवडे गेले. रात्री झोप लागेना.

शेवटी शेकरच्या आत कमाल-किमान तापमापक ठेवला. सकाळी कमाल आकडा होता ३४! आमच्या शेकरला फक्त हीटर होता, कूलिंग नव्हतं. संध्याकाळी सातला वीज वाचवायला लॅबचा एसी बंद व्हायचा, वर शेकरच्या मोटरची स्वतःची ऊब. मी साडेनऊला पोचायचे तेव्हा एसी सुरू होऊन तास झालेला असायचा आणि डिस्प्लेवर सोज्वळ २७. ज्या रात्री कुणी उशिरापर्यंत थांबलं, त्या बॅच पिवळ्या निघाल्या होत्या. रजिस्टरशी ताडून पाहिलं, सगळ्या जुळल्या.

एसी रात्रभर चालू ठेवायला आधी नकार मिळाला. तापमानाचा आणि रंगाचा आलेख एकाच कागदावर काढून दिला, तेव्हा दुसऱ्या विभागातला कूलिंगवाला शेकर मिळाला.

जूनमधल्या त्या पहिल्या बॅचचा ओडी माझ्या ३७ अंशांच्या फ्लास्कच्या निम्माही नव्हता. क्युव्हेट मात्र हळदीच्या पाण्यासारखा. मॅडमनी तो खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला आणि वहीत माझ्या नावापुढे पुढच्या आठवड्याचा फर्मेंटर, म्हणजे जिवाणू वाढवायची मोठी टाकी, लिहून टाकला.