मिलो तांबडी होती

तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात मी देवघेव विभाग सांभाळते. मंडईत कांदे-बटाटे विकणाऱ्या एक मावशी आमच्या सभासद आहेत. शिक्षण चौथीपर्यंत, पण पुस्तक नेल्याशिवाय परतत नाहीत. मागं एकदा मी त्यांना बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' हे आत्मकथन दिलं आणि सांगितलं, की या बाईंचंही फलटणला छोटं दुकान होतं. माल बांधायला आणलेली रद्दी त्या वाचून काढत. दुकानात बसूनच लिहीत, तेही घरच्यांपासून लपवून. त्याचं पुस्तक झालं 1986 साली.

मावशींनी त्या पुस्तकाची मुदत पुन्हा पुन्हा वाढवून घेतली.

परवा दुपारी त्या आल्या आणि पिशवीतून वही काढली. "ताई, दोन पानं वाचून दावू का?"

पानांवर 1972 चा दुष्काळ होता. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणारी आई, मुकादमाची हजेरी, परदेशातून आलेल्या मिलो ज्वारीची भाकरी. पोरांना सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. आपल्या वाटची अर्धी परकराच्या ओच्यात बांधून मावशी धाकट्या भावासाठी घरी न्यायच्या. ओळीखालून बोट फिरवत त्या वाचत होत्या आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवतीची माणसं एकेक करून पेपर खाली ठेवत होती. 'शांतता राखा' ही पाटी मीच लावलेली, पण त्या दिवशी कुणाला गप्प करावंसं वाटलं नाही.

एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "मिलो तांबडी होती, ते लिहिलंत का?"

मावशींनी माझं पेन घेतलं आणि उभ्या उभ्याच समासात ते वाक्य घातलं. नोंदवहीत पुस्तकं दाखल करण्यात माझी सगळी नोकरी सरली, पण ती येतात छापून, बांधून, पुरी होऊन. एखादं वाक्य डोळ्यांदेखत लिहिलं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. अंगावर काटा आला. कुणाला लिहितं करायचं असेल तर शिबिरांपेक्षा एक नेमकं पुस्तक जास्त कामी येतं, असं माझं ठाम मत आहे.

"लिहिताना त्रास नाही होत, मावशी?"

"रडू येतं की. पर लिवून झालं की आय शेजारी येऊन बसल्यावानी वाटतं. मग दिसभर गिऱ्हाइकाशी ग्वाड बोलते मी."

जाताना त्यांनी दुसरं 'असलंच' पुस्तक मागितलं. मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या बाईनं लिहिलंय, एवढंच सांगितलं. जाडी बघून त्या थबकतील असं वाटलं होतं.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "पावसाचं गिऱ्हाईक कमीच असतं."