तुम्ही विचारलंत म्हणून: हे ग्रीन-बिन करून धंद्यात पैसे सुटतात का?

आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे पत्र्यावर रंगाची कोरडी पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजायचं, जॉबवर्क आहे, नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत. असोसिएशनची मीटिंग असो नाहीतर कुणाच्या लग्नातली पंगत, एक प्रश्न येतोच, "तुम्ही ते सस्टेनेबल वगैरे करता म्हणे, त्यात खरंच काही सुटतं का की नुसतं कस्टमरला दाखवायला?" सुटतं हो. पण लोकांना वाटतं तिथे आधी सुटत नाही, आणि हे सांगायला घेतलं की समोरचा लगेच "ते राहू द्या, सोलरचं सांगा".

सोलरचं शेवटी सांगतो. आधी कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून पाइपलाइनमधून मशिनांना देतो तो. सुट्टीच्या दिवशी शॉप बंद असताना सगळी मशिनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा आणि लाइनच्या कडेने चालत जा, जिथे हवा गळते तिथे फुस्स फुस्स ऐकू येईल. ७ बारच्या लाइनला ३ मिलिमीटरचं एक भोक असलं तरी ३-४ किलोवॅट हवेत जातात, अक्षरशः. दिवसाचे १० तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरा, ९,००० युनिट तरी झाले, आणि महावितरणच्या बिलातले सगळे आकार मिळून युनिटला ९ रुपये लावले तर ८० हजार. एका भोकाचे! उपाय काय तर टेफ्लॉन टेप, दोन क्लॅम्प, थोडा नवा पीयू पाइप. शिवाय प्रेशर १ बारने खाली आणलं की कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्के कमी लागते, पण सेटिंग आपलं ८ वर, का तर कुणीतरी कधीतरी करून ठेवलंय म्हणून. याला कुणी सस्टेनेबिलिटी म्हणत नाही कारण याचा फोटो काढता येत नाही.

पण आमच्या लाइनीत खरी गंमत प्री-ट्रीटमेंटला आहे. पत्र्याला पावडर मारायच्या आधी तो टाक्यांमधून जातो, डिग्रीझिंग (तेल-ग्रीस काढणं), रिन्स (पाण्याने धुणं), फॉस्फेटिंग (रंग धरावा आणि गंज लागू नये म्हणून केमिकलचा थर), परत रिन्स. झिंक फॉस्फेटची टाकी ५० डिग्रीच्या आसपास गरम ठेवायला लागते, आणि तळाला स्लज, म्हणजे गाळ, बसतो तो वेगळा. तो स्लज हॅझार्डस वेस्ट, म्हणजे धोकादायक कचरा, घंटागाडीत टाकून मोकळं होता येत नाही, तो अशा कचऱ्यासाठीच्या तळोज्याच्या साइटलाच जायला लागतो, वजनावर पैसे, वर गाडीभाडं, मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद), एमपीसीबीचा, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, वार्षिक रिटर्न. म्हणजे केमिकल घ्यायला पैसे, ते गरम करायला गॅसचे पैसे, आणि त्याचाच गाळ टाकायला परत पैसे. त्याऐवजी झिर्कोनियमचं केमिकल आहे ते रूम टेंपरेचरला चालतं, फॉस्फेट नाही, स्लज अगदी थोडा. त्याचा किलोचा भाव ऐकून आमच्या वडिलांनी सप्लायरला चहा पाजून वाटेला लावलं होतं. पण किलोचा भाव बघून काही कळत नाही, एक स्क्वेअर मीटर पत्र्याला केमिकल, गॅस, पाणी आणि तळोजा असं सगळं मिळून किती पडलं ते काढायला लागतं, आणि ते काढून दाखवल्यावर मग वडीलच सप्लायरला फोन लावायला लागले.

सगळीकडे नाही चालत हे, तेही सांगतो. डिग्रीझिंग कच्चं राहिलं तर झिर्कोनियम माफ करत नाही, आणि काही कस्टमरच्या ड्रॉइंगवरच झिंक फॉस्फेट लिहिलेलं असतं, सॉल्ट स्प्रेचे, म्हणजे मिठाच्या फवाऱ्यात किती तास गंज यायला नको त्या टेस्टचे, तास दिलेले असतात, तिथे आपण शहाणपणा करायचा नाही, सॅम्पल द्यायचे आणि अप्रूव्हलची वाट बघत बसायचं. त्यात महिनेच्या महिने जातात.

पाण्याचं त्यामानाने सोपं आहे. दोन रिन्सच्या टाक्यांना वेगवेगळा नळ सोडायचा नाही, ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत आणि तिथून ओव्हरफ्लो उलटा मागच्या टाकीत, म्हणजे जॉब पुढे जातो आणि पाणी मागे येतं. एका पाइपचा आणि थोड्या लेव्हलचा खर्च. पाणी कमी लागलं की ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटमध्ये, केमिकलचं डोसिंगपण कमी लागतं, आणि एमआयडीसीचा शटडाऊन असेल त्या दिवशी शेजारी टँकरला फोन लावत असतात तेव्हा आपली लाइन चालू असते. हा फायदा कुठल्या एक्सेलमध्ये येत नाही, पण डिलिव्हरी वेळेवर गेली हे कस्टमर लक्षात ठेवतो.

पावडरचं म्हणाल तर गनमधून उडालेली सगळी काही जॉबला चिकटत नाही, बरीचशी बूथमध्येच पडते, आणि रिकव्हरी, म्हणजे ती गोळा करून परत वापरायची सोय, नसेल तर ते सरळ कचऱ्यात गेलेले पैसे. पण दर तासाला रंग बदलत असाल तर रिकव्हरीचा उपयोग नाही, ग्रेमध्ये काळ्याचे ठिपके येतात. म्हणून आम्ही एक बूथ रॅल ७०३५ ला, म्हणजे इलेक्ट्रिक पॅनलच्या त्या फिक्या ग्रेला, कायमचा देऊन टाकला, बाकीच्या रंगांना दुसरा. मशिन नवीन नाही, नुसतं प्लॅनिंग. आणि ओव्हनच्या दाराची सीलं बदला एकदा, गॅस वाचतो तो वाचतोच पण शेडमधली भट्टी कमी होते. मे महिन्यात गावी गेलेली पोरं जूनमध्ये परत आपल्याकडे येणार की समोरच्या शेडमध्ये जाणार, हे पगाराइतकंच त्या गरमीवर ठरतं असं माझं मत आहे.

आता कस्टमर. सेबीने टॉप १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर नावाचा, पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा, रिपोर्ट कंपल्सरी केलाय आणि त्याची झळ खाली आपल्यापर्यंत येते, परचेसवाल्याचा मेल येतो, वीज किती, डिझेल किती, हॅझार्डस वेस्ट किती आणि कुठे गेलं. आमच्या लेनमध्ये नट-बोल्ट बनवणारे एक जण युरोपला माल पाठवतात, त्यांना तर टनामागे कार्बन किती ते द्यायला लागतं, सीबॅममुळे, म्हणजे आयात मालावरच्या युरोपच्या कार्बन करामुळे. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून आधी नुसती माहिती मागितली आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशाचा टप्पा सुरू झाला. यात कुणी जास्त रेट देत नाही बरं का, त्या भ्रमात राहू नका. फायदा एवढाच की फॉर्म भरून परत पाठवणारा यादीत राहतो. बिलं आणि मॅनिफेस्ट एका फाइलला लावलेले असतील तर फॉर्म भरणं दुपारचं काम आहे, नसतील तर बोंबला. झेड सर्टिफिकेटपण (लघुउद्योगांना दर्जा आणि पर्यावरणासाठी केंद्र सरकारच्या स्कीममध्ये मिळतं ते) याच्यासाठीच घ्या, ब्राँझपासून सुरू करता येतं आणि २०२२ च्या स्कीममध्ये मायक्रो युनिटला फीवर ८० टक्के सबसिडी आहे. फक्त टेंपोवर "इको-फ्रेंडली" रंगवू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगच्या, म्हणजे पर्यावरणाच्या खोट्या दाव्यांविरुद्धच्या, सरकारी गाइडलाइन्स आल्यात, दावा केला तर पुरावा पाहिजे.

हां, सोलर. १ किलोवॅटला साधारण १०० स्क्वेअर फूट जागा आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिट, पावसाळ्यात आपल्याकडे विचारूच नका. इन्कम टॅक्समध्ये डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा, ४० टक्के मिळतं. स्वतःची शेड असेल, छत मजबूत असेल तर चार-पाच वर्षांत पैसे वसूल, जरूर करा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर आधी छताचा खर्च धरा. आणि गाळा भाड्याचा असेल तर ३३ महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स आणि पाच वर्षांचा पेबॅक, कसं जुळणार? मालक तयार असेल तर पॅनल त्याने लावावेत आणि युनिट आपण घ्यावेत असं जमतं, मागच्या लेनमध्ये एकाने जमवलंय, पण मीटर कुणाच्या नावावर आहे ते पहिलं बघा, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.